अकरा कांटे

आमच्या सायकलीचें चाक दोन वर्षांत एकदांहि पंक्चर झालें नाहीं, ही गोष्ट आम्ही गेल्या महिन्यापर्यंत ज्याला त्याला सांगत होतों. सांगण्याचा प्रसंग नसला तर तो आणीत होतों. स्टाफरूममध्यें कोणी आपल्या गुडघ्याचें गाऱ्हाणें काढलें, कीं त्यावरून आम्ही व्यायामावर, व्यायामावरून सायकलीवर आणि सायकलीवरून तिच्या ट्यूबलेस टायरांवर येऊन ठेपत असूं. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याजवळ अभिमान बाळगण्याजोग्या वस्तु दिवसेंदिवस कमी होत जातात. तेव्हां ज्या एकदोन उरतात त्यांचें कौतुक तो अंमळ अधिकच करितो. वाचकांनीं ही दुर्बलता क्षम्य मानावी. कारण ज्या अभिमानाची ही कथा आहे त्याची हवा पुढें यथास्थित निघालेली आहे.

ज्यांचा सायकलीशीं संबंध विद्यार्थिदशेंतच संपला, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. आपल्या लहानपणच्या सायकलीला बाहेर टायर आणि आंत फुगणारी ट्यूब असे. कांटा टायरमधून ट्यूबेंत शिरला कीं हवा जाई आणि आपण सायकल हातांत धरून दुकानाकडे चालूं लागूं. ट्यूबलेस टायरांत ही आंतली ट्यूबच नसते. टायरच्या दोन्ही कडा रिमच्या खोबणींत इतक्या घट्ट बसतात, कीं टायर आणि रिम मिळूनच हवेची कोठी तयार होते. रिमला स्पोकांसाठीं पाडलेलीं भोंकें चिकटपट्टीनें बुजविलेलीं असतात, आणि ह्या कोठींत दोनतीन पळ्या पांढरा पातळ द्रव ओतून ठेवलेला असतो. चाक फिरूं लागलें कीं तो आंतून सर्वत्र लिंपला जातो. कांटा घुसतांच हवा त्या वाटेनें बाहेर पळूं लागते. तिच्या पाठोपाठ द्रवहि धांवतो, आणि भोंकाच्या तोंडाशीं थिजून त्याचेंच बूच होतें. जखम झाली केव्हां आणि भरली केव्हां, हें स्वाराला बहुधा कळतहि नाहीं.

हवेच्या टायरचा इतिहास हा एका अर्थीं पंक्चरच्या दुरुस्तीचाच इतिहास आहे. बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचा टायर तयार केला आणि १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. सायकलस्वाराच्या हाडांना त्या दिवसापासून सुख लागलें खरें. पण तो टायर रिमला डकवलेला असल्यामुळें पंक्चर काढणें हें मोठें दिव्य होतें. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनीं सहज काढतां-घालतां येणारा टायर काढला, आणि १८९१ सालच्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतींत शार्ल तेराँ हा त्यावर बसून पहिला आला, तेव्हां दुरुस्तीची वाट सर्वांना मोकळी झाली. मोटारींना ट्यूबलेस टायर विसाव्या शतकाच्या मध्यास मिळाले. सायकलीच्या वांट्यास मात्र ते येण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मॅव्हिक ह्या फ्रेंच कंपनीनें मिशेलिन आणि हचिन्सन यांच्या सहकार्यानें डोंगरी सायकलींसाठीं ट्यूबलेस चाकांची पद्धति बाजारांत आणली, आणि पंक्चर ही वस्तुच आतां इतिहासजमा होणार, असें आमच्यासारख्या भोळ्या भक्तांस वाटूं लागलें.

ह्या नव्या पंथाची दीक्षा आम्हांस आमच्या चिरंजिवांनीं दिली. डॉक्टरांनीं आमच्या रक्तांतील साखरेकडे बोट दाखविलें, चिरंजिवांनीं सायकलीकडे. आणि आमची जुनी, काळी, चोवीस वर्षें सोबत केलेली सायकल जाऊन तिच्या जागीं ही आधुनिक सुंदरी आली. जुनी सायकल महिन्यादोन महिन्यांनीं हटकून पंक्चर होई. मग आम्ही तिला महाविद्यालयामागच्या गल्लींत पंक्चरवाल्या मामांकडे नेत असूं. पिंपळाच्या पारालगत मामांचें दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक पंप, पाण्याचें घमेलें आणि वर ताडपत्री. शेजारीं त्यांची पत्नी हार-वेण्या गुंफीत बसे. मामा ट्यूब घमेल्यांत बुडवून बुडबुडे शोधीत, कानशीनें रबर घांसून त्यावर सोल्यूशन लावीत, आणि तें वाळेपर्यंत मामी कांचेच्या पेल्यांत आम्हांस चहा देत. चोवीस वर्षांत असे किती पेले झाले असतील, ह्याचा हिशेब आम्हीं कधीं ठेवला नाहीं. नवी सायकल आल्यावर तिकडे जाण्याचें कारणच उरलें नाहीं. त्याच गल्लीच्या तोंडावरून आम्ही रोज जात असूं. कधीं हात वर करीत असूं, कधीं घाईंत तेंहि राहून जाई.

गेल्या महिन्यांत एका रविवारीं पहांटे आम्ही खडकवासल्याच्या रस्त्यानें निघून सिंहगडाच्या पायथ्याशीं डोणज्यापर्यंत गेलों. परततांना वळणावर रस्त्यांत पसरलेल्या खडीचा एक धारदार तुकडा मागच्या टायरच्या कुशींत शिरला. पाठीमागें फुस्स असा आवाज झाला आणि पांढऱ्या द्रवाची चिळकांडी आमच्या पाठीवर उडाली. आम्ही बिलकुल घाबरलों नाहीं. चाक थांबवावें, जखम खालीं येईल असें फिरवून धरावें, म्हणजे द्रव तेथें सांचून थिजतो, हें आम्हांस तोंडपाठ होतें. आम्हीं तसें केलें. द्रव सांचला, आणि आमच्या देखत रस्त्यावर ओघळून गेला. बाभळीच्या कांट्याचें भोंक असतें तर तेवढ्यानें भागलें असतें. ही चीर चांगली अर्ध्या इंचाची होती.

दुसरा उपायहि आमच्याजवळ होता. बसकुरालगतच्या पिशवींत दुभंगलेल्या टोकाचा एक टोचा आणि चिकट रबरानें माखलेल्या धाग्यांच्या पट्ट्या होत्या. पट्टी टोच्यांत ओंवून भोंकांत खुपसावी आणि टोचा झटक्यानें मागें ओढावा, म्हणजे पट्टी तेथेंच अडकून बसते. मोटारसायकलींचे आणि मोटारींचे टायर रस्तोरस्तीं असेच दुरुस्त होतात. आम्हीं एक पट्टी बसविली, दुसरी बसविली. हवा भरून चाक शंभर पावलें चाललें असेल नसेल, तोंच दोन्ही पट्ट्या बाहेर पडल्या. जमिनीला टेंकणाऱ्या भागाचें रबर जाड असतें, तें पट्टीला आंवळून धरतें. कुशीचें कापड पातळ, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास तें दबतें व उभारतें. तेथें पट्टीनें काय म्हणून टिकावें? पण ही मीमांसा आम्हांस मागाहून सुचली.

राहिला तिसरा उपाय. तो म्हणजे ज्या ट्यूबेची दोन वर्षें निंदा केली तिलाच शरण जाणें. चिरंजिवांनीं एक ट्यूब पिशवींत घालून ठेवली होती. आम्हीं टायरची एक कड उचलली, व्हॉल्व्ह काढला, चिरेच्या आंतल्या बाजूस दहा रुपयांची नोट चौपदरी घडी करून लावली, कीं ज्यायोगें ट्यूब चिरेंतून बाहेर फुगूं नये. आणि ट्यूब बसवून घामाघूम होईतों पंप मारला. चाक कणखर झालें. इंग्रजी शिकविण्यांत हयात गेली तरी आपल्या हातांत कांहीं कारागिरीहि आहे, असा विचार मनांत येत होता. एक किलोमीटरावर चाक पुन्हां बसलें. चीर पाहिली तों नोट जागच्या जागीं होती. मग हवा गेली कोठून? ह्या प्रश्नाचें उत्तर न सांपडल्यामुळें आम्ही एका भाजीच्या टेम्पोंत, कोथिंबिरीच्या जुड्यांना धक्का न लागेल अशा बेतानें बसून, सायकलीसह पुण्यास परत आलों. टेम्पोवाल्यानें "कुठं सोडू?" म्हणून विचारलें, तेव्हां आमच्या तोंडून आपोआप त्या गल्लीचें नांव निघालें.

मामा एका स्कूटरीचें चाक उघडून बसले होते. त्यांनीं वर पाहिलें.

"या सर. बऱ्याच दिवसांनी."

"मामा, ही सायकल ट्यूबलेस आहे. पंक्चर होत नव्हती, म्हणून येणं झालं नाही."

"चांगलंच आहे की," मामा म्हणाले. त्या बोलण्यांत टोमणा नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्यांनीं प्रथम आमची ट्यूब काढून फुगविली आणि घमेल्यांत फिरविली. तीन जागीं बुडबुडे आले. तिन्ही जागा चिरेपासून दूर होत्या. मामांनीं नोट सुकवून आमच्या हातांत दिली आणि म्हणाले, "नोटेनं तिचं काम केलं सर. तुम्ही आतून हात फिरवला होता का?" आम्हीं नाहीं म्हटलें. मग त्यांनीं टायर पुरता काढला, आंतली बाजू बाहेर केली आणि फडक्यानें पांढरा साय धरलेला थर पुसला. आंतून कांटे वर आलेले होते. चिमट्यानें एकेक उपटून मामा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवूं लागले. बाभळीचे, बोरीचे, एक तारेचा तुकडा, एक बारीक कांच. आम्ही मोजीत होतों. सारीं शल्यें मिळून अकरा भरलीं.

"हे दूध भोक बुजवतं, काटा काढत नाही," मामा म्हणाले. "काटा आतच राहतो. दूध आहे तोवर त्याचं काही चालत नाही. पण तुम्ही ट्यूब टाकलीत, की मग ती त्याच काट्यांवर बसणार."

दोन वर्षें ज्याला आम्ही अक्षत टायर म्हणून मिरविलें त्याला अकरा जखमा होत्या, आणि जखमा करणारे अकराहि जण त्याच्या पोटांत मुक्कामास होते. आमच्या साऱ्या अभिमानाचा अर्थ एवढाच, कीं आम्हांस त्यांची वार्ता नव्हती.

टायरमधून अमोनियाचा उग्र दर्प येत होता. त्या वासासरशीं आम्हांस सिंधुदुर्गांतील दोडामार्गाकडचे रबराचे मळे आठवले. एका सुटींत तेथें पहांटेच्या अंधारांत कामगारांना झाडांच्या सालीवर तिरपा छेद घेतांना आम्हीं पाहिलें होतें. छेद घेतांच पांढरा चीक झरूं लागतो आणि नारळाच्या करवंटींत थेंब थेंब सांचतो. कांहीं तासांनीं तो आपोआप थांबतो. कारण चिकाचाच गोळा होऊन त्याच्या वाहिन्यांचीं तोंडें बुजतात. झाडाच्या जखमेवरचें हें झाडाचेंच औषध. करवंटींतला चीक तसाच थिजूं नये म्हणून त्यांत अमोनिया घालतात. आमच्या टायरांतलें दूध हें पुष्कळ अंशीं तेंच होतें. आपल्या जखमा भरण्यासाठीं झाडानें सिद्ध केलेला रस मनुष्यानें झाडाला जखम करून मिळविला, आणि आपल्या चाकाच्या जखमा भरण्यास लावला. पण झाडाचा चीक झाडांत रोज नवा होतो. बाटलींतून ओतलेलें दूध चारसहा महिन्यांत वाळतें, आपल्याकडील उन्हाळ्यांत त्याहिपूर्वीं. तें वेळोवेळीं पाहून भरावें लागतें. आम्हीं मात्र दोन वर्षांत तें एकदांच भरलें होतें. तळाशीं जें थोडें उरलें होतें त्याच्या रबरी गुठळ्या मामांनीं बोटांनीं काढून टाकल्या.

मग खरी दुरुस्ती सुरू झाली. मामांनीं आरी घेतली आणि मेणलावल्या नायलॉनच्या दोऱ्यानें चिरेच्या कडा पांच टांक्यांत जवळ आणल्या. "टाके कापड धरतात, हवा धरत नाहीत," ते म्हणाले, "हवा पॅच धरणार." आंतली जागा त्यांनीं पेट्रोलच्या बोळ्यानें पुसली आणि कानशीनें काळें, कोरें रबर दिसूं लागेपर्यंत घांसली. दुधाचा लवलेश राहिला तरी पॅच सुटतो, असें त्यांचें म्हणणें पडलें. चिरेहून चांगला मोठा पॅच त्यांनीं निवडला, सोल्यूशनचा पातळ हात फिरविला, आणि टायर गुडघ्यावर धरून ते स्वस्थ बसले.

हें स्वस्थ बसणें पंक्चरच्या विद्येंतलें सर्वांत महत्त्वाचें अंग आहे. सोल्यूशन ओलें असतांना पॅच लावला तर तो धरत नाहीं. तें बोटाला चिकटण्याइतकें वाळावें लागतें. पूर्वीं ह्याच वेळांत चहाचा पेला येत असे. आमची नजर सहज शेजारच्या जागेकडे गेली. तेथें फुलांची टोपली नव्हती. रिकामे ट्यूबांचे खोके रचलेले होते.

"मामी दिसत नाहीत?" आम्हीं विचारलें.

"ती गेली सर," मामा सोल्यूशनवर हलकी फुंकर घालीत म्हणाले. "येत्या पौषात दोन वर्षं होतील."

आमची नवी सायकल आली ती त्या पौषाच्या आधींच्या दिवाळींत. म्हणजे आम्हीं गल्लीचें तोंड सोडलें आणि दोन महिन्यांच्या आंत मामी गेल्या. ह्या दोन वर्षांत आम्ही त्या पारावरून किती वेळां गेलों असूं! रिकामी जागा दिसलीहि असेल. पण चाक थांबत नव्हतें, म्हणून आम्हीहि थांबलों नाहीं. आमच्या आणि मामांच्या मध्यें स्नेह होता असें आम्ही समजत आलों. आणि त्या स्नेहाला महिन्यादोन महिन्यांनीं एका कांट्याची गरज लागत होती, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. मामींच्या हातचा चहा चोवीस वर्षें प्यालों, आणि त्यांच्या दहाव्यालाहि गेलों नाहीं. काय बोलावें तें सुचेना. "मला कळलं नाही, मामा," एवढेंच आम्ही बोललों.

"कसं कळणार? तुम्ही कामात." त्यांनीं बोट लावून पाहिलें. "आता धरेल."

त्यांनीं पॅच बसविला, मधून कडांकडे आंगठ्यानें दाबीत नेला आणि वरून हातोडीच्या दांड्यानें घोटला. टायर रिमवर चढवून कडांना साबणाचें पाणी लावलें. कॉम्प्रेसरची हवा सोडतांच कडा खोबणींत जाऊन बसल्या, आणि त्या बसल्याचे दोन टणत्कार गल्लीभर ऐकूं गेले. मग व्हॉल्व्हमधून नवें दूध आंत घातलें. चाक आधीं उभें फिरविलें, मग आडवें धरून चिरेच्या बाजूस हालविलें, म्हणजे टांक्यांच्या बारीक छिद्रांतून दूध शिरून तींहि बंद व्हावींत. टांक्यांवर दोन पांढरे थेंब आले आणि तेथेंच थांबले.

"सर, हे गावात फिरवा," मामा म्हणाले. "सिंहगडाच्या उतारावर नेऊ नका. कूस एकदा फाटली की पहिल्यासारखी होत नाही. सवडीनं नवीन टायर घ्या."

आम्हीं पैसे विचारले. त्यांनीं साठ रुपये सांगितले. आम्हीं शंभराची नोट पुढें केली, तेव्हां त्यांनीं चाळीस परत दिले, आणि ते आम्हीं घेतले. न घेण्यानें आमचें मन हलकें झालें असतें. पण तो भार साठ-चाळीसांत उतरण्याजोगा नव्हता, आणि मामांच्या कामाची किंमत त्यांनींच ठरवावयाची होती.

वर्तमानपत्रावरचे अकरा कांटे आम्हीं काडेपेटींत भरून घरीं आणले. चिरंजीव हंसले. नवा टायर घेतला आहे, तोहि ट्यूबलेसच. कारण पंक्चरचा मोह पडण्याइतके आम्ही विरक्त झालेलों नाहीं, आणि कांट्यांची आराधना करावी असा ह्या लेखाचा उपदेशहि नाहीं. त्यांतलें दूध घरच्या घरीं बघतां येतें: चाक कानाशीं धरून हालवावें, आंत खळखळलें तर तें शाबूत आहे, नाहीं खळखळलें तर वाळलें. सोपें काम आहे. तरीहि महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही सायकल त्या गल्लींत नेतों.

परवां मामांनीं चाक उचलून कानाशीं धरलें आणि मान हालविली. "अजून आहे सर दूध. उगाच आलात."

"असू द्या," आम्ही म्हणालों. "बसतो थोडा वेळ."

मामांनीं खोके बाजूला सारून जागा केली, आणि पलीकडच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.